निवटेसर आणि बारकी आजीचं गाणं

निवटेसर कधीही "असं आहे" म्हणत नसत. "असं दिसतं" म्हणत. पंखा बंद पडला की, "वीज गेली असं दिसतं." डबा उघडला की, "आज परत वांगं आहे असं दिसतं." स्टाफरूममध्ये आम्ही त्यांची भरपूर टिंगल करायचो. एकदा मी न राहवून विचारलं, "सर, तुमचं लग्न तरी झालंय ना नक्की?" ते गंभीरपणे म्हणाले, "बायको तसं म्हणते."

मी तलासरीकडच्या एका हायस्कुलात मराठी शिकवते. सर त्याच शाळेत विज्ञान शिकवायचे. मूळचे चिंचणीचे, घर मासेमारीचं. भाऊ होडीवर जायचे, हे एकटे शिकले आणि डोंगराकडे आले. आमची मुलं बहुतेक वारली पाड्यांवरची. आईबाप शेती करणारे, नाहीतर मजुरीला वापीकडे जाणारे. सरांचं खरं नाव हजेरीपटावरच राहिलं. गावात, एसटीत, चहाच्या टपरीवर ते निवटेसर होते, आणि त्यांनाही ते नाव आवडायचं.

नावाचं कारण एक मासा. खाडीच्या चिखलात निवटे असतात, ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. डोक्यावर डोळे, पुढचे पर हातासारखे टेकत चिखलावरून चालतात, वेळ आली तर उडी मारतात. दहावीच्या पुस्तकातला उत्क्रांतीचा धडा आला की सर पहाटे खाडीत उतरून निवटे पकडायचे आणि बादलीत थोडा चिखल, थोडं खारं पाणी घालून दोन एसट्या बदलत शाळेत आणायचे. कंडक्टर ओरडायचा, "मास्तर, मासळी घेऊन बसायचं नाही." सर म्हणायचे, "मासळी नाही हो, शैक्षणिक साहित्य आहे." मग ती बादली टेबलावर कलती करायचे आणि निवटे टेबलभर चालत सुटायचे. पोरी किंचाळायच्या, पोरं बाकावर चढायची. सर शांतपणे सांगायचे, "हा काही आपला आजा-पणजा नव्हे. पण आपल्या फार जुन्या पणज्याने पाण्यातून बाहेर पडताना काय केलं असेल, ते हा करून दाखवतो." तास संपला की ते शैक्षणिक साहित्य खिचडीच्या चुलीवर जायचं. त्या दिवशी हजेरी भरपूर असायची.

मासा झाला की भात. सर मुलांना सांगायचे, घरी जा आणि आईला विचारा, झोडणीच्या आधी बियाण्यासाठी कणसं निवडताना ती काय बघते. दुसऱ्या दिवशी मुलं सांगायची. एकीची आई भरलेला दाणा बघते, एकीची न लवणारी काडी, एकीची वास. सर खूश. "बघा, तुमच्या आज्या-पणज्या शेकडो वर्षं निवडत आल्या, म्हणून हा भात असा झाला. आता कठीण भाग. निवडणारं कोणी नसतं, तरी निवड होते. ते कसं?" इथे मुलं डोकं खाजवायची. सर म्हणायचे, "घाई नाही. मलाही हे समजायला कॉलेजची दोन वर्षं लागली."

घाई नाही, हाच त्यांचा मोठा दोष. त्या एका धड्यात महिना घालवायचे, आणि मग विजेचा आणि धातूंचा धडा जानेवारीत जीव मुठीत धरून पळवायचे. मुख्याध्यापक डोक्याला हात लावायचे. "सर, पोर्शन! पोर्शन!" मीसुद्धा भांडले आहे त्यांच्याशी. माझे जादा तास हा माणूस गोड बोलून पळवायचा आणि परत द्यायचं नाव नाही. "तुमच्या विषयात पुरावा लागत नाही ना बाई, तुम्ही लवकर आटपाल," असं वर ऐकवायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका वर्षी वर्गात एका पोराने विचारलं, "सर, मग देवाने काय केलं?" दुसऱ्या कोणी मास्तराने त्याला खाली बसवलं असतं, किंवा देव-बिव काही नसतं म्हणून शहाणपण मिरवलं असतं. सर म्हणाले, "मला माहीत नाही. माझ्या धड्यात ते येत नाही. तुमच्या पाड्यावर कोणाला माहीत आहे?" पोरगा म्हणाला, "बारकी आजीला. पण ती लग्नातच सांगते."

बारकी आजी धवलेरी होती. वारल्यांच्या लग्नात धवलेरी गाते. भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात आणि त्याच्यापुढे ती जग कसं झालं इथपासून सुरू करते. सर तिच्या दारात जाऊन बसले. शाळेत येऊन मुलांना ते गाणं ऐकवा म्हणाले. म्हातारी हसायलाच लागली. "चौक नाय, लगीन नाय, तं कसा गाऊ? मी बोलवलं का देव येतात. येऊन उभे रातील नि पुसतील, लगीन कोनाचं? त्यांना काय सांगू?"

सर परत आले आणि वर्गापुढे ही अडचण मांडली. आता लग्न कोणाचं लावायचं? वर्गाने फार विचार केला नाही. बादलीत जोडी होतीच. ठरलं, निवट्याचं लगीन!

मी तुम्हाला शपथेवर सांगते, असला सोहळा मी आयुष्यात पाहिला नाही. आवर्तसारणीच्या तक्त्याची मागची बाजू गेरूने सारवली. खिचडी शिजवणाऱ्या दोन बायकांनी त्यावर चौक लिहिला. मुलींनी हळद आणली, तेव्हा सर ओरडले, "माशाला नको, बादलीला लावा!" नर निवटा परांचा झेंडा उभारून उड्या मारतो, ती त्याची रीतच. पोरं म्हणाली, नवरदेव नाचतोय. बारकी आजी मात्र थट्टेत नव्हती. ती चौकापुढे बसली, पदर नीट केला, डोळे मिटले आणि गायली. आधी सगळं पाणीच होतं, धरतरीला टेकायला जागा नव्हती, मग मुंग्यांनी तोंडातून एक एक कण माती आणली. मग माणूस झाला, पण त्याला पोट होतं नि जेवण नव्हतं, म्हणून कणसरी आली, धान्याची देवी. मी दारात उभी होते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते कशाने आलं ते मला आजही सांगता येणार नाही.

पुढच्या तासाला सरांनी त्याच बादलीवर धडा शिकवला. आणि त्या दिवशी चुलीवर काहीच गेलं नाही. लग्न लागलेल्या जोडप्याला खायला पोरं तयार होईनात. सरांना ती बादली दोन एसट्या बदलून परत चिंचणीच्या खाडीत न्यावी लागली.

मग ती दर वर्षीची रीत झाली. पहिल्या तासाला आजीचं गाणं, दुसऱ्याला सरांचा धडा. आजीचं गाणं दर वर्षी थोडं बदलायचं. एका वर्षी मातीसाठी मुंग्या, तर एका वर्षी खेकडा. एका चौकस मुलीने विचारलं, "आजी, मागल्या साली खेकडा होता ना?" आजी म्हणाली, "ज्याला येळ मिलतो तो येतो." सर टेबलावर हात आपटून हसले. त्यानंतर आठवडाभर स्टाफरूममध्ये ज्याला त्याला तेच ऐकवत होते. म्हणायचे, "हे गाणं आपल्याला आपलं म्हणून जवळ घेतं, बाई. धड्याला ते जमत नाही. धडा खरा असेल तर खरा, एवढंच." मी विचारलं, "मग पोरांनी कोणाचं ऐकायचं?" तर म्हणाले, "दोन्ही ऐकायचं. गोंधळ त्यांचा होत नाही, आपला होतो."

खरंच होत नव्हता. एवढ्या वर्षांत एकाही आईबापाने येऊन कुरकुर केली नाही. घरी गाणं, शाळेत धडा, नदीवर खेकडे, कोणाचं काही अडत नव्हतं. पण पाड्या-पाड्यांवर हवा बदलत होती, आणि आम्ही शाळेत बसून पोर्शनवर भांडत होतो. एका बाजूला प्रार्थनेवाले आले, त्यांच्या पुस्तकात सहा दिवसांत जग झालेलं. दुसऱ्या बाजूला सत्संगवाले आले, त्यांचे महाराज पडद्यावर प्रवचन करायचे. दोघांनीही आजाऱ्यांना दवाखान्यात नेलं, लोकांची दारू सोडवली, हे मी नाकारणार नाही. पण दोघांनाही धवलेरीचं गाणं नको होतं. एकाला ते सैतानी वाटायचं, दुसऱ्याला अडाणी. घरागणिक माणसं वाटली गेली. एका चुलीवर जेवणारे भाऊ एकमेकांच्या लग्नाला जाईनासे झाले.

अशात एका वर्षी कुणा पोराने निवट्याच्या लग्नाचं आणि त्यानंतरच्या धड्याचं मोबाइलवर शूटिंग केलं आणि कौतुकाने स्टेटसला ठेवलं. झालं! त्या दोन तासांचे दोन तुकडे झाले. बादलीला हळद लावतानाचा तुकडा सत्संगवाल्यांच्या ग्रुपवर फिरला, खाली मजकूर, लग्नसंस्काराची शाळेत विटंबना. माशाचा पर आणि माणसाचा हात शेजारी दाखवतानाचा तुकडा प्रार्थनेवाल्यांकडे गेला, खाली मजकूर, आमच्या लेकरांना माशाची अवलाद म्हणतात. आजीचं गाणं अख्खं कोणी ऐकलं नाही. सरांचा धडा अख्खा कोणी ऐकला नाही. डहाणूपासून उंबरगावपर्यंत सगळ्यांचं मत मात्र तयार झालं.

दोन्हीकडची माणसं एकाच दुपारी मुख्याध्यापकांच्या खोलीत आली. एरवी एकमेकांच्या सावलीला न उभे राहणारे हे लोक त्या दिवशी एका बाकावर मांडीला मांडी लावून बसले. संस्थेचे अध्यक्ष शेठही आले. किनाऱ्याकडची चिकूची मोठी वाडी, बोलणं अर्धं मराठी, अर्धं गुजराती, माणूस वाईट नव्हता. त्यांना फक्त भांडण नको होतं. असली माणसंच घात करतात. मला कोणी बोलावलं नव्हतं, तरी मी जाऊन बसले.

प्रार्थनेवाल्यांचे भाऊ म्हणाले, "देवाने माणूस स्वतःसारखा घडवला. हे सर त्याला चिखलातून काढतात. वर देवीचं गाणंही ऐकवतात." सत्संगवाल्यांचे प्रमुख म्हणाले, "माशाचं आम्हाला नवल नाही. मत्स्य, कूर्म, वराह, मग नरसिंह, मग माणूस. आमच्या ऋषींनी हे आधीच सांगून ठेवलंय. सर ते शिकवत नाहीत, परदेशी माणसाचं नाव घेतात, आणि आमच्या संस्काराची थट्टा करतात."

माझा संयम सुटला. "म्हणजे तुम्ही म्हणता माणूस माशापासून आला, हे म्हणतात नाही आला. मग तुम्ही दोघं आधी आपसांत ठरवून या ना! आमच्या सरांना कशाला मधे भरडता?"

शेठ माझ्याकडे वळले. "बाई, तुमचा विषय मराठी छे ने? मग शांती राखा." आणि सरांना म्हणाले, "सर, एवढं काय? बेऊ, दोन्ही बाजू सांगून टाका ने. थोडं हे, थोडं ते. पोरं घ्यायचं ते घेतील."

सर म्हणाले, "शेठ, दोन्ही तर मीच सांगत होतो. या तालुक्यात दोन्ही सांगणारा मी एकटाच असेन. गाणं गाण्यासारखं ऐकवतो, धडा धड्यासारखा शिकवतो. दोन्हीची खिचडी करून वाढा म्हणाल, तर ते मला जमणार नाही." त्या दिवशी ते एकदाही "असं दिसतं" म्हणाले नाहीत.

मग बारकी आजीला आत बोलावलं. तिचा पुतण्या सत्संगात होता, तोच तिला घेऊन आला होता. दारापाशी तिचा दंड धरून उभा होता. मुख्याध्यापकांनी विचारलं, "आजी, हे लग्न-बिग्न तुम्ही सांगितलं की सरांनी?" आजीने एकदा पुतण्याकडे पाहिलं. सरांकडे पाहिलं नाही. म्हणाली, "मना काय ठाव. सरांनी बोलवलं, मी आले." मला ओरडावंसं वाटलं, आजी, देवांना काय सांगू, असं तूच म्हणाली होतीस ना! सर मात्र पटकन बोलले, "बरोबर आहे. मीच बोलावलं. त्यांना घरी जाऊ दे." ती गेल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "रागावू नका. तिला त्याच घरात राहायचंय."

शेवटी तोडगा निघाला. आपल्याकडे तोडगा म्हणजे एकाच्या डोक्यावर दगड ठेवायचा आणि बाकीच्यांनी चहा घ्यायचा. सरांनी सकाळच्या परिपाठाला सगळ्या शाळेपुढे दोन वाक्यं बोलायची. एक, लग्नाचा प्रकार चुकला, माफ करा. दोन, उत्क्रांती हे नुसतं एक मत आहे. पहिलं वाक्य सरांनी लगेच कबूल केलं. "कोणाला दुखवायचं नव्हतं. दुखवलं असेल तर हात जोडतो." दुसऱ्याला नाही म्हणाले. मुख्याध्यापक अजिजीने म्हणाले, "अहो, एक वाक्य तर आहे." सर म्हणाले, "सर, मुलं माझं वाक्य जपून ठेवतात. मी त्यांना असं खोटं वाक्य देऊ शकत नाही."

परिपाठाला त्यांनी हात जोडले, माफी मागितली आणि रांगेत परत येऊन उभे राहिले. सगळे दुसऱ्या वाक्याची वाट बघत राहिले. ते आलं नाही.

दहावीचा वर्ग त्यांच्याकडून काढून घेतला. विज्ञानच काढलं. पाचवी-सहावीचा कार्यानुभव दिला, कागदाच्या होड्या आणि शाळेची बाग. वर्षभर त्यांनी निमूटपणे होड्या करून घेतल्या. एकदाच त्यांना मोडलेलं पाहिलं. पाड्यावर एक लग्न होतं, डीजे लावला होता, सत्संगातले गुरुजी आले होते, बारकी आजीला आमंत्रणच नव्हतं. सर बागेच्या कट्ट्यावर बसून म्हणाले, "बाई, माझं जाऊ द्या, माझा धडा पुस्तकात छापलेला आहे. उद्या कोणीही शिकवील. तिचं गाणं कुठे छापलंय? मी तिला शाळेत आणली नसती तर ती अजून गात असती." मी म्हटलं, "आज नाही तर उद्या थांबलंच असतं." ते म्हणाले, "उद्या थांबलं असतं ना, मग उद्यापर्यंत तरी चाललं असतं." वर्ष संपल्यावर त्यांनी राजीनामा दिला. निरोप समारंभ झाला नाही. शेठनी चिकूची एक करंडी पाठवली, ती शिपायाने वाटून टाकली.

नवे सर आले. भले, तरुण, वक्तशीर. पोर्शन डिसेंबरात पूर्ण. उत्क्रांतीचा धडा एका तासात वाचून, प्रश्नोत्तरं लिहून देऊन संपतो. निकाल शंभर टक्के लागला, फाट्यावर फ्लेक्स लागला, त्यावर शेठ आणि मुख्याध्यापक हात जोडून उभे. एक खोटं अक्षर नाही त्यात. मुलांनी पेपरात सगळं बरोबर लिहिलं. ते त्यांना पटलं का, हा प्रश्न आता कोणाच्याच डोक्यात येत नाही.

परवा डहाणूच्या एसटी स्टँडवर सर भेटले. केस पिकले होते. हद्दीपलीकडे गुजरातेत एका शाळेत गणित शिकवतात म्हणाले. "गणितात कोणाच्या भावना दुखावत नाहीत," आणि हसले. बारकी आजी गेली ते त्यांना कळलं होतं. मग हळूच विचारलं, "दहावीला धडा झाला का?" मी म्हटलं, "झाला. एका मुलीने उभं राहून विचारलं, निवडणारं कोणी नाही तर निवड होते कशी? तिला सांगितलं, हे परीक्षेला येत नाही. ती नंतर माझ्याकडे आली होती. मी मराठीची बाई, मी काय सांगणार? सर, मी तिला तुमचा नंबर देते."

सरांचा चेहरा आधी उजळला. अगदी जुन्यासारखा. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, बाजूला कोण उभं आहे ते पाहिलं, आणि आवाज खाली आणला. "नको बाई. नंबर नका देऊ. तिचा बाप कुठल्या बाजूचा आहे, तुम्हाला ठाऊक नाही. तुमची नोकरी आहे. माझंही नाव परत नको."

सगळ्या शाळेपुढे ते दुसरं वाक्य न बोलणारा हा माणूस! मला त्यांचा राग आला नाही. त्या दुपारी मुख्याध्यापकांच्या खोलीत बाकावर बसलेल्या सगळ्यांचा आला. त्यांची बस लागली, ते चढले, खिडकीतून हात केला.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला गाठून नंबर लिहिलेला कागद दिला. तिने तो बघितला, घडी घालून कंपासपेटीत ठेवला आणि विचारलं, "बाई, फोन केला तर घरी कळेल का?" तिने अजून फोन केलेला नाही.